सुट्ट्या लागल्या की किराणा दीडपट, पैसे नक्की जातात कुठे?

वहीतला_हिशोब:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

घरी आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, मुलगी १३ ची, मुलगा ९ चा. मी आणि नवरा सकाळी जे जातो ते संध्याकाळी सहालाच उगवतो. सुट्ट्या सहा आठवड्यांच्या, त्यातले दोन संपले आणि एवढ्यातच बजेटचे बारा वाजलेत. मोठा बाजार मी दर शनिवारी करते आणि सगळं वहीत लिहिते (ॲप तीनदा टाकून तीनदा काढलं, वहीच बरी). रकमा इथे देत नाही, कारण प्रत्येकाकडचे भाव वेगळे आणि मग सगळा धागा "बापरे तुमच्याकडे एवढं महाग?" यातच संपतो. एरवीचा आठवडा १०० धरा. सुट्टीचा पहिला आठवडा आला १३८, दुसरा १६१. दुसऱ्या आठवड्यापासून नणंदेचा मुलगा राहायला आलाय, वय १५, त्याच्या भुकेवर वेगळा धागा निघेल.

बरं, मेनू नाही असंही नाही. रविवारी रात्री बसून सात दिवसांचा लिहिते, फ्रीजच्या दारावर चिकटवते. सोमवारी चालतो. मंगळवारी दुपारी कोसळतो. बुधवारी घरी येताना मी निवांत होते, सकाळीच रात्रीच्या हिशोबाने जास्तीचा भात करून फ्रीजमध्ये ठेवला होता, वर काहीतरी पातळ केलं की जेवण तयार. फ्रीज उघडला, पातेलं जागेवर, झाकण नीट लावलेलं, आत चमचा आणि तळाला सात-आठ शितं. रिकामं पातेलं झाकून परत फ्रीजमध्ये ठेवायची ही कला कोणाची ते अजून कळलेलं नाही, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि एवढं सगळं फस्त होत असताना शनिवारी भाजीचा ड्रॉवर उपसला तर पालेभाजीची अख्खी जुडी काळी पडून पाणी सुटलेली, अर्धी काकडी बुळबुळीत, आणि मागच्या कोपऱ्यात दोन डबे, त्यात काय होतं हे ओळखायच्या पलीकडे गेलेलं. म्हणजे खाल्लंही जास्त जातंय आणि टाकलंही जास्त जातंय, हे एकाच वेळी कसं होतं?

तुमच्याकडे सुट्टीत आठवड्याचं कसं बसवता? "मुलांना कमी द्या" असं कृपया कोणी सांगू नका, वाढीची पोरं आहेत.

अर्धाडझन:
ताई, आधी एक विचारते. शाळा असते तेव्हा मुलं दुपारी कुठे जेवतात? आणि तुम्ही दोघं?

वहीतला_हिशोब:
मुलं शाळेतच, ते फीमध्येच येतं. आम्ही दोघं ऑफिसच्या कॅन्टीनला, ते खातं मी वेगळं लिहिते. का हो?

अर्धाडझन:
वाटलंच मला. आमच्याकडे चार पोरं आहेत त्यामुळे मी पैसे मोजायच्या आधी ताटं मोजते. तुमची मोजू या. पाच माणसं, दिवसाला तीन वेळा, सात दिवस, झाली १०५ ताटं. शाळेच्या दिवसांत मुलांची दुपारची १० बाहेर, तुमची दोघांची १० बाहेर, म्हणजे घरी फक्त ८५. तुमचं १०० हे या ८५ ताटांचं आहे. सुट्टी लागली, मुलांची १० घरी आली, झाली ९५. म्हणजे पहिल्या आठवड्याला ११२ पर्यंत जाणं रास्तच होतं. दुसऱ्या आठवड्यात भाच्याची २१ ताटं वाढली, ११६. तिथे १३६-३७ होणारच, त्यात कोणाचा गुन्हा नाही.

आता बघा, १३८ मधून ११२ गेले, राहिले २६. १६१ मधून १३६ गेले, राहिले २५. म्हणजे भाचा यायच्या आधीही तेवढेच जात होते आणि आल्यावरही तेवढेच. त्या पोराला सोडा, तो निर्दोष आहे. हे २५ दुसरीकडून जातायत.

सतरंजीखालचा:
मी तर लिहायलाच आलो होतो की भाच्याला परत पाठवा. आता काय लिहू.

वहीतला_हिशोब:
अर्धाडझन ताई मी वही घेऊन परत मोजलं, खरंच ८५ च येतात!! इतकी वर्षं लिहितेय आणि हे कधी डोक्यातच आलं नाही की शाळा चालू असताना मुलांचं एक जेवण माझ्या वहीत नसतंच. @सतरंजीखालचा, नणंद इथे असते हो, जपून.

पावतीबहाद्दर:
ताटांचा हिशोब झकास. आता पावत्यांचा करा. शनिवारचा मोठा बाजार किती आणि आठवड्यात मधेमधे किती वेळा दुकानात कोण गेलं, हे वेगळं काढा. आमच्याकडे शनिवारची पावती दर वेळी गुणी असते, घोळ असतो मधल्या फेऱ्यांत. "दूध संपलंय" म्हणून माणूस जातो आणि दुधासोबत चार वस्तू घेऊन येतो, आणि त्या चारांतल्या तीन घरी पोचेपर्यंत उघडलेल्या असतात. मी स्वतः हा माणूस आहे म्हणून सांगतोय.

दुसरं म्हणजे मोठी पाकिटं घ्या, सुट्टीत छोटी पाकिटं परवडत नाहीत.

अर्धाडझन:
पहिलं पटलं, दुसरं अजिबात नाही. तांदूळ, डाळ, तेल मोठं घ्या, कच्चा तांदूळ कोणी उभ्याउभ्या खात नाही. पण बिस्किटांचं मोठं पाकीट आमच्याकडे छोट्याइतक्याच वेळात संपतं, मी बघितलंय. आणि मोठं म्हणजे स्वस्त हे पण दर वेळी खरं नसतं, शेल्फवर किलोचा किंवा लिटरचा दर लिहिलेला असतो तो बघा, नसेल तर मोबाईलवर भागाकार करा. काही वस्तूंचं पाकीट तेवढंच दिसतं, किंमत तीच, आतलं वजन कमी झालेलं असतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतं.

पावतीबहाद्दर:
बरं बाई, मोठं पाकीट घेऊन अर्धं लपवा मग.

अर्धाडझन:
पंधरा वर्षांच्या मुलापासून? शुभेच्छा.

खानावळवाला:
मी एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळतो, रोजची १४० पोरं, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

तुमचा मेनू मंगळवारी दुपारी कोसळतो म्हणालात ना, मग मेनूत मंगळवारी दुपारी चार वाजता काय लिहिलंय ते सांगा. काही नसणार. बहुतेक घरांच्या मेनूत सकाळ-दुपार-रात्र असते आणि पोरांची खरी भूक लागते अकराला आणि चारला. त्या वेळेला घरात जे उघडं सापडेल ते जातं, तुमचा रात्रीचा भात त्यातच गेला. पोरांनी चोरी केली नाही, त्यांना चारला जेवायचं होतं आणि समोर जेवण होतं. म्हणून आमच्याकडे चारचं खाणं हे ताटात वाढायचं खाणं आहे, पाकिटातलं नाही. उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी, शिजवलेली कडधान्यं, फळं. पोट भरेल असं काहीतरी. सतत तुकडा-तुकडा खाणारं पोर दिवसभरात जास्त खातं आणि रात्री ताटावर "भूक नाही" म्हणतं, मग ते ताट डब्यात, डबा फ्रीजच्या मागे, पुढचं तुम्ही शनिवारी बघितलंच.

दुसरी गोष्ट, सातही दिवसांचे पदार्थ ठरवू नका, तयारी ठरवा. रविवारी कडधान्य भिजत टाकायचं (कोरडं एक किलो भिजून शिजलं की दोन-अडीच किलो सहज होतं, तांदळाचंही जवळपास तसंच, जरा जास्तच), शिजवून दोन भाग, एक फ्रीजमध्ये तीन दिवसांसाठी, एक फ्रीझरमध्ये. कांदा-टोमॅटो परतून ठेवायचा. मग कोणत्या दिवशी त्याचं सूप करायचं, कधी भाजी, कधी भातात घालायचं, हे त्या दिवशीची भूक बघून. आणि आठवड्यात एक रात्र मेनूत कोरी सोडा. आमच्याकडे ती गुरुवार, त्या रात्री फ्रीजमध्ये असेल तेच. पोरं नाकं मुरडतात पण संपवतात.

भाताबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो कारण तुम्ही सकाळचा रात्रीला ठेवताय. भात झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, आणि खोल पातेल्यात गरम ढीग तसाच ढकलायचा नाही, मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. पसरट भांड्यात पातळ थर करून निववायचा. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस नाव त्याचं, ते शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणून "वाफ येईपर्यंत तापवलं की झालं" हे इथे चालत नाही. आम्ही भात दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवतच नाही. बाकी शिजवलेलं तीन-चार दिवस, फ्रीज ५ अंशांच्या खाली असेल तर. फ्रीझर उणे १८. सुट्टीत दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा, दचकाल.

वहीतला_हिशोब:
भाऊ, चार वाजताच्या रकान्यात खरंच काही नाही. रकानाच नाही!

आणि पावत्या काढल्या. दुसऱ्या आठवड्याचे १६१: शनिवारचा मोठा बाजार ११९, मधल्या सात फेऱ्या मिळून ४२. त्यातले दूध, अंडी, ब्रेड असं खरोखरच लागणारं १९. उरलेले २३ म्हणजे बिस्किटं, चिप्स, थंड पेयं, आइस्क्रीम आणि एक च्युइंग गम जो कोणीच कबूल करत नाहीये. टाकलेल्या वस्तूंची बेरीज अंदाजे ८. म्हणजे २३ आणि ८, ३१ झाले, २५ शी जुळत नाही पण टाकणं एरवीही थोडंफार असतंच ना, ते माझ्या १०० मध्ये आधीच बसलेलं असणार.

एक कोडं मात्र राहिलं. या सात फेऱ्यांतल्या मी केल्या दोन, नवऱ्याने एक. बाकीच्या चार कोणाच्या? पावत्या तर टेबलावर नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या.

आकडेमोड_काका:
टाकण्यावरून आठवलं, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के हॉटेलं-दुकानांतून नाही, घरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो येतं. पाच माणसांच्या घराला आठवड्याला साडेसात किलो! तुमचा ड्रॉवर त्या मानाने फारच सभ्य आहे.

आणि अवांतर, जेवणावरच्या खर्चाचा हिशोब मांडणारी मंडळी फार जुनी. १८५७ मध्ये अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे जमाखर्च तपासून सांगितलं की उत्पन्न वाढेल तसा त्यातला खाण्यावरचा हिस्सा कमी होत जातो. सुट्टीला आलेला भाचा त्याने धरला नसावा.

खानावळवाला:
काका, त्या ७९ किलोंत सालं, बिया, हाडंही धरलीत, सगळं काही खाण्यालायक नव्हे. तरी आकडा मोठाच आहे, नाही म्हणत नाही.

वहीकर ताई, तुमच्या ड्रॉवरमध्ये पालेभाजीसोबत काय होतं? सफरचंद, केळी?

वहीतला_हिशोब:
सफरचंदं. वरच ठेवलेली होती, दोन किलो. का?

खानावळवाला:
मग पालेभाजीचा जीव त्यांनीच घेतला. सफरचंद, केळी, पिकलेला टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारचं पटापट पिकतं नाहीतर पिवळं पडतं. पालेभाजी वेगळी, कोरड्या कागदात गुंडाळून. कांदे आणि बटाटे पण एका टोपलीत नकोत, आणि बटाटे उजेडात हिरवे पडले की तो भाग खायचा नाही. फळं ड्रॉवरमधून काढून टेबलावर डोळ्यासमोर ठेवा, येता-जाता पोरं उचलतील, ड्रॉवर उघडून सफरचंद शोधणारं पोर मी अजून बघितलेलं नाही.

ओट्यापाशी:
मी सगळं वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझं वय ७१, मी स्वतः सासूबाई आहे त्यामुळे माझी बाजू एकतर्फी वाटली तर वाटू दे. बाळ, तू मेनू लिहितेस रविवारी रात्री, घरी येतेस संध्याकाळी सहाला. सकाळी नऊ ते सहा त्या तीन पोरांना कोण बघतंय? त्यांना अकराला आणि चारला हातात काहीतरी कोण देतंय? तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये सासूबाईंचं नाव फक्त माणसं मोजताना आलंय. मेनू करताना त्यांना विचारलंस का? दारावरचा तो कागद त्यांना चष्म्याशिवाय वाचता तरी येतो का?

आणि ते मागचे दोन डबे, ते आमच्यासारख्यांचेच असतात, मी कबूल करते. थोडंसं उरलेलं टाकायला हात धजत नाही, "राहू दे, उद्या बघू" म्हणून आपण डबा आत सारतो, उद्या त्याच्यापुढे दुसरा डबा येतो. माझ्या सुनेने फ्रीजचा एक कप्पा माझ्या नावाने करून दिला, डोळ्यांच्या उंचीचा, उरलंसुरलं सगळं तिथेच, डब्यावर कागदी पट्टी चिकटवून वार लिहायचा. माझ्या नजरेसमोर असल्यामुळे तो मीच संपवते किंवा संपवायला लावते. या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

अर्धाडझन:
ओट्यापाशी काकू, दंडवत.

सतरंजीखालचा:
हा धागा आता माझ्या सुनेपासून लपवावा की दाखवावा कळेना. (मी सासरा आहे, चिप्स मीच आणतो.)

वहीतला_हिशोब:
काकू, तुमचं वाचून मला आधी राग आला, खरं सांगते. मग रात्री जेवणं झाल्यावर आईंच्या खोलीत गेले आणि विचारलं. त्या चार फेऱ्यांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. दुपारी त्यांना तासभर पडायचं असतं, पोरं तेव्हाच भुकेने भांडतात, मग त्या स्वतःच्या पर्समधून पैसे देऊन तिघांना कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतात, जायला-यायला आणि तिथे निवडायला मिळून पोरं पाऊण तास घालवतात, तेवढीच त्यांना शांतता. पावत्या त्यांनीच घडी घालून टेबलावर ठेवल्या होत्या, मी बघेन आणि पैसे देईन म्हणून, आणि मी काय केलं तर नुसते आकडे वहीत उतरवून घेतले. पंधरा दिवस त्या वाट बघत होत्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना. आणि हो, मेनूचा कागद त्यांना वाचता येत नव्हता, मी निळ्या पेनने बारीक लिहिते.

आत्ता इतकंच, पुढच्या शनिवारी सांगते.

पावतीबहाद्दर:
पाऊण तासाच्या शांततेसाठी २३ म्हणजे मला स्वस्तच वाटतंय.

वहीतला_हिशोब:
शनिवार झाला, सांगितल्याप्रमाणे आलेय.

या आठवड्याचा आकडा १४३. अर्धाडझन ताईंच्या हिशोबाने १३६ रास्त, वरचे ७ पैकी ३ तर मी घेतलेल्या थर्मामीटरचेच आहेत, जो मी किराण्यात लिहिला. (फ्रीज ९ अंशांवर होता! आता ४ वर आणलाय, दार नीट लागत नव्हतं, मागचा एक डबा आडवा येत होता.)

मेनू आता आई आणि मी मिळून करतो, मोठ्या अक्षरात, काळ्या स्केचपेनने, आणि त्यात अकराचा आणि चारचा रकाना आहे. चारच्या रकान्यातलं मी सकाळी जाताना अर्धं करून ठेवते, उरलेलं भाचा करतो. हो, भाचा. त्याला अंडी उकडायला सांगितली तर पहिल्या दिवशी पाणी आटून भांडं काळं केलं, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली, तिसऱ्या दिवसापासून मोबाईलवर १० मिनिटांचा गजर लावून नीट करतो आणि धाकट्याला सोलायला लावतो. आईंचं पडणं चारच्या खाण्यानंतर सरकवलं, पोटं भरलेली असली की पोरं तासभर तरी गप असतात. दुकानाची फेरी बंद नाही केली, आठवड्यात दोनच ठेवल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्या दिवशी काय आणायचं ते पोरं ठरवतात पण रक्कम ठरलेली. मुलगी शेल्फवरचा किलोचा दर वाचायला लागलीय आणि भावाशी त्यावरून भांडते, हे एक नवीनच.

गुरुवारची कोरी रात्र मात्र फसली. फ्रीझरमधून डाळ समजून डबा काढला, पट्टीवर वार लिहिला होता पण आत काय ते लिहिलं नव्हतं, वितळल्यावर निघाला केळ्यांचा गर. शेवटी ब्रेड आणि अंडी.

आईंच्या मागच्या चार फेऱ्यांचे पैसे दिले, त्या नको म्हणत होत्या, दिलेच. आज वही उघडली तर या आठवड्याच्या पानावर सगळ्यात खाली पेन्सिलने त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "बुधवारी दूध मी आणले. येणे बाकी."